स्नॅग पुढं ढकलताना

'विमानात बिघाड असतानाही उड्डाण' अशी बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती मला टॅग करूनच पडते. मी विमान कंपनीत होते एवढं सगळ्यांना माहीत आहे. काय करत होते, ते कुणी नीट विचारलेलं नाही. माझ्या एकूण अवतारावरून हवाई सुंदरी नसणार हे कळतं, म्हणजे मग 'ऑफिसात' असणार. बातमीखाली प्रश्न ठरलेला: "काय ओ ताई, आपल्या गोव्याच्या विमानात बी असं चालतंय का?"

चालतं. सगळ्याच विमानांत चालतं. मी हे इतक्या थंडपणे लिहिते की दोन दिवस ग्रुपवर शांतता असते. पण खरं तेच आहे. नोकरीच्या सगळ्या काळात एकही उघडा स्नॅग, म्हणजे नोंदवलेला पण अजून दुरुस्त न झालेला बिघाड, नसलेलं विमान मी क्वचितच पाहिलं, आणि पाहिलं तेव्हा ते नुकतंच मोठ्या तपासणीतून बाहेर आलेलं होतं. कुठं वाचायचा दिवा लागत नाही, कुठं दोन पंपांपैकी एक गेलाय, कुठं मागच्या शौचालयाला कुलूप लावून चिकटपट्टी मारलीय. विमान तरीही उडतं, आणि उडावं अशी नियमांतच सोय केलेली आहे.

त्या सोयीचं नाव एमईएल, म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. विमान बनवणाऱ्याबरोबर बसून मूळ यादी तयार होते आणि त्या विमानाला प्रमाणपत्र देणारं नियामक खातं ती मंजूर करतं. मग प्रत्येक विमान कंपनी तिच्यावरून आपली यादी करते. ती मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल नाही. आपल्याकडं तिला डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाची, मंजुरी लागते. गंमत अशी की ही यादी उलटी वाचायची असते. यादीत जे आहे ते बंद असताना, दिलेल्या अटी पाळून, उडता येतं. विमानाच्या सुरक्षित उडण्याशी संबंध असलेली आणि यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट मात्र चालूच हवी. पंख यादीत नाहीत, हे मी एकदा भाच्याला सांगितलं तर तो आठवडाभर हसत होता.

प्रत्येक नोंदीपुढं एक अक्षर असतं. ए म्हणजे मुदत त्या नोंदीतच लिहिलेली. बी म्हणजे तीन दिवस, सी म्हणजे दहा, डी म्हणजे एकशे वीस. बिघाड नोंदवला तो दिवस धरायचा नाही. सोमवारी बी वर्गातला स्नॅग लिहिला तर मंगळ, बुध, गुरू. आमच्या कंपनीत लॉगबुक यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत चालायचं, त्यामुळे गुरुवारची मध्यरात्र भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला व्हायची. मेंटेनन्स कंट्रोलच्या रात्रपाळीत साडेपाच ही वेळ घड्याळात बघावी लागत नाही, पोटात कळते. साडेपाचच्या आत एकतर भाग बसलेला पाहिजे, नाहीतर मुदतवाढीचा कागद सही होऊन आलेला पाहिजे, नाहीतर सहाच्या फ्लाइटचे प्रवासी दुसऱ्या विमानात बसवायला पाहिजेत.

माझं काम त्या यादीचं. मुंबईत बसून साऱ्या ताफ्याचे उघडे स्नॅग सांभाळायचे, कुणाची मुदत कधी संपते, भाग कुठं आहे, विमान रात्री कुठल्या गावाला मुक्कामाला आहे आणि तिथं इंजिनिअर आहे का, याचा मेळ घालायचा. आम्ही आकड्यांत बोलायचो. ४९ म्हटलं की एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, २१ म्हटलं की वातानुकूलन, ३२ म्हटलं की चाकं आणि ब्रेक, ७८ म्हटलं की रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा वळवून वेग कमी करणारा भाग. "परवापासून ४९ कॅरी फॉरवर्ड आहे, आज २१ पण आलंय" एवढ्या वाक्यात समोरच्याला कळायचं की विमान जमिनीवर असताना आतले लोक घामानं भिजणार आहेत. लॉगबुकच्या पानाखाली कार्बनच्या प्रती. वरच्या भागात वैमानिकाची तक्रार, खालच्या भागात इंजिनिअरचा उपाय, यादीतला क्रमांक, वर्गाचं अक्षर, मुदतीची तारीख, सही, लायसन्स नंबर. मग कॉकपिटमध्ये त्या बटणाशेजारी 'इनऑप'चं, म्हणजे 'बंद आहे'चं, स्टिकर. त्या स्टिकरवर काही इंजिनिअर इतकं सुवाच्य अक्षर काढायचे की बघत राहावं, आणि काहींचं वाचायला डॉक्टरच हवा.

ही सोय का लागते, ते सोलापुरात राहून जास्त कळतं. होटगी रोडच्या विमानतळाची नवी टर्मिनल इमारत २०२४च्या सप्टेंबरमध्ये झाली आणि २०२५च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. त्याआधी विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली गेली. त्यावर अजून कुठल्याही कट्ट्यावर दोन तट पडतात, मी त्यात पडत नाही. समजा गोव्यातल्या मोपा विमानतळाहून एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, आलं आणि उतरल्यावर कळलं की लँडिंगचा एक दिवा गेलाय. अशा छोट्या ठिकाणी सुट्या भागांचं कोठार नसतं. दिवा येईपर्यंत विमान इथंच ठेवायचं, तर आज गोव्याला जाणारे अडकले, गोव्याहून पुढं जाणारे अडकले, आणि एका दिव्यासाठी दुसरं विमान दिवा घेऊन उडालं. दिवसाउजेडी उडायचं असेल तर तो दिवा संध्याकाळी तळावर बदलता येतो. यात कुणी जीव टांगणीला लावत नाही. यादी नसती तर हाच निर्णय तिथं उभ्या असलेल्या वैमानिकानं आणि इंजिनिअरनं, प्रवाशांच्या रागाच्या दाबाखाली, आपापल्या अंदाजानं घेतला असता. यादी म्हणजे तो निर्णय कुणीतरी आधीच, थंड डोक्यानं, आकडेमोड करून घेतलेला असतो.

तर ढकलण्याला माझा विरोध नाही. ढकललेलं पुढं कोण वाहतं, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मला मुंबईत नाही, सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत पडला होता.

आमचे बाबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. मागांचं सगळं दुखणंखुपणं त्यांच्याकडं. त्यांनाही माग थांबवून चालायचं नाही, कारण विणकराची मजुरी कापडावर. स्विचबोर्डशेजारच्या भिंतीवर ते खडूनं लिहायचे: सात नंबर, पिकिंगचा पट्टा. अकरा नंबर, फणी. सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना ती कामं करायची आणि झालेली ओळ अंगठ्यानं पुसायची. रात्रपाळीचा विणकर आला की आधी भिंत वाचायचा, मग मागाला हात लावायचा. पट्टा सैल असेल तर धोटा उडतो, आणि उडालेला धोटा शेजारच्या मागावरच्या माणसाला लागतो. एका वर्षी खंडेनवमीआधी मालकांनी कारखाना आतून चुना मारून घेतला. भिंत पांढरीशुभ्र. बाबा रागावले नाहीत. एकेका मागापाशी गेले आणि विणकराला विचारत गेले, "ह्याचं काय होतं?" बहुतेक तेलुगू बोलणारी माणसं, पण मागाबद्दल बोलायला दोन्हीकडं भाषा पुरेशी होती. सगळी यादी परत लिहून झाली. भिंतीवरची नुसती नक्कल होती. ती आठवडाभर वाहिली होती विणकरांनी, दर फेऱ्याला हात जरा सांभाळून.

विमानातही तेच होतं. एमईएलमध्ये बऱ्याच नोंदींसोबत वैमानिकांसाठी आणि इंजिनिअरांसाठी वेगळ्या कृती दिलेल्या असतात. हे बंद असेल तर ते आधी तपासा, इतक्याच उंचीवर उडा, धावपट्टी इतकी जास्त धरा. बिघाड यंत्रात होता, तो ढकलला की माणसाच्या लक्षात जाऊन बसतो.

१७ जुलै २००७ला साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर ताम कंपनीचं ए३२० उतरलं. धावपट्टी १९४० मीटरची आणि पावसानं ओली. उजव्या इंजिनाचा रिव्हर्सर चार दिवस आधी बंद करून ठेवलेला, पूर्ण नियमात. रिव्हर्सर बंद असताना उतरल्यावर थ्रस्टचे, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे, दोन लिव्हर कसे ओढायचे, याची पद्धत निर्मात्यानं मधल्या काळात बदललेली होती. जुन्या पद्धतीत चालू बाजूचाच रिव्हर्सला न्यायचा. नव्या पद्धतीत दोन्ही न्यायचे आणि हिशेबात ५५ मीटर जास्त धरायचे. रेकॉर्डरमधली नोंद अशी की डावा लिव्हर रिव्हर्सला गेला आणि उजवा चढाईच्या खाचेतच राहिला. उजवं इंजिन विमानाला पुढं रेटत राहिलं, पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे विमानाला जमिनीवर दाबून धरणाऱ्या झडपा, उघडल्या नाहीत, विमान रस्त्यापलीकडच्या इमारतीवर गेलं. १९९ माणसं मेली, त्यातली बारा जमिनीवरची. लिव्हर हातानं तिथं राहिला की यंत्रणेनं तसा दाखवला, याचा शेवटचा शब्द चौकशीलाही सांगता आला नाही. पण एका बंद भागासाठी दोन माणसांनी, ओल्या आखूड धावपट्टीवर, नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी आठवणीत ठेवून उतरायचं होतं, एवढं त्यात स्पष्ट आहे. 'बंद ठेवायला परवानगी' या शब्दांत ते ओझं दिसत नाही.

आमच्याकडं एक कॅप्टन होते, कटकट्या म्हणून प्रसिद्ध. पावसाळ्यातल्या एका रात्री त्यांचा फोन आला. विमानावर तीन उघड्या नोंदी: डावा रिव्हर्सर बंद, एपीयू बंद, वातानुकूलनाचा एक पॅक बंद. तिन्ही एकेकट्या यादीत चपखल बसणाऱ्या, तिन्हींच्या तारखा शिल्लक. ते म्हणाले, "मॅडम, यातलं मी आज रात्री नेमकं काय काय लक्षात ठेवायचं, ते एका दमात सांगा." मी वाचायला लागले. एपीयू नाही म्हणजे इंजिन सुरू करायला जमिनीवरून हवा देणारं यंत्र लागेल, ते पोचल्यावर तिथं आहे का बघा. एक पॅक म्हणजे उंचीला मर्यादा, खालून उडायचं म्हणून इंधन जास्त, आणि नेमके ढग त्याच उंचीला. रिव्हर्सर म्हणजे उतरण्याचं अंतर, लिव्हरची पद्धत, ओली धावपट्टी. माझा दम खरंच संपला. ते म्हणाले, "को-पायलटचं आज चौथं सेक्टर आहे, चौथं उड्डाण. हे विमान मी घेत नाही."

तो त्यांचा अधिकार होता. यादी परवानगी देते, सक्ती करत नाही, विमान घ्यायचं की नाही हे शेवटी कमांडरनं ठरवायचं. विमान बदललं, दीड तास उशीर झाला, आणि मग वरून मला फोन आला. तिन्ही नियमात होत्या ना? होत्या. मग? या 'मग'चं उत्तर देणं फार अवघड असतं. यादीच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं की एकाहून जास्त गोष्टी बंद असतील तर त्यांचा एकमेकींवर होणारा परिणाम पाहावा. प्रस्तावना कोण वाचतं? नोंदींना क्रमांक आहेत, अक्षरं आहेत, तारखा आहेत. बेरजेला रकाना नाही.

आता मुदतवाढीबद्दल, कारण लोकांना खरा राग तिचाच येतो. तीन दिवस दिले होते, त्याचे सहा कसे झाले? होऊ शकतात. अमेरिकेत बी आणि सी वर्गाला मुदतवाढीची सोय आहे. युरोपात ती मूळ मुदतीइतकीच आणि एकदाच मिळते, आणि तिथला नियम बजावून सांगतो की कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तरच ती घ्यायची, दुरुस्तीची नेहमीची रीत म्हणून नाही. हाताबाहेरचं कारण म्हणजे आमच्या टेबलावर बहुतेक वेळा सुटा भाग. तो सिंगापूरहून निघालेला असतो, मुंबईत कस्टममध्ये असतो, शुक्रवारची संध्याकाळ असते आणि सोमवारी सण असतो. मग 'रॉबरी' सुचवली जाते, म्हणजे हँगरमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचा भाग काढून यात घालायचा. ऐकायला सोपं. पण काढताना तो भाग बिघडू शकतो, दोन विमानांची कामं वाढतात आणि उघडा स्नॅग एका विमानावरून दुसऱ्या विमानावर जातो. माझं मत विचाराल तर कित्येकदा रॉबरीपेक्षा प्रामाणिक मुदतवाढ बरी. कागदावर कारण येतं, कुणाची तरी सही येते, दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत कुणाला तरी मान खाली घालून बसावं लागतं. मुदतवाढ टोचली पाहिजे. जिथं ती टोचायची थांबते तिथं मला भीती वाटते.

न टोचणारी वाढ कशी असते, ते बघायला अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ बघावं. तिथं एखादा स्नॅग नाही, देखभालीचं वेळापत्रकच ढकललं गेलं. शेपटीतला आडवा पंख वरखाली करणाऱ्या मोठ्या स्क्रूला ग्रीस लावायचं काम १९८८मध्ये दर १००० तासांनी होतं. १९९१मध्ये १२०० झाले, १९९४मध्ये १६००, आणि १९९६मध्ये तासांची अट जाऊन आठ महिने झाले, म्हणजे साधारण २५५० तास. प्रत्येक पायरी मंजूर, प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीवर काही वाईट घडलं नाही हा आधार. १९९७मध्ये त्या स्क्रूची झीज मोजली तर ती बरोबर मर्यादेवर आली, ०.०४० इंच. स्क्रू ज्यात फिरतो तो नट बदलायचा असं लिहिलं गेलं, मग परत मोजलं, ०.०३३ आलं, विमान सेवेत गेलं. ३१ जानेवारी २००० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ नटाचे आटे सोलून निघाले. ८८ माणसं. १००० तासांवरून थेट २५५०चा प्रस्ताव कुणी मांडला असता तर खोलीत आवाज चढले असते.

आणि तरी मला सगळ्यात जास्त छळणारी नोंद मुदतवाढीची नाही, 'दुरुस्त झालं' अशी आहे.

एअर एशियाचं ८५०१, २८ डिसेंबर २०१४, सुराबायाहून सिंगापूरला. लोकांना आठवतं ते वादळ. मूळ गोष्ट शेपटीतल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलची. उभ्या सुकाणूची हालचाल मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेत डाखाला तडा गेलेला. हवेत थंड झालं की जोड तुटायचा, जमिनीवर आलं की जुळायचा. आधीच्या बारा महिन्यांत हा दोष तेवीस वेळा आला. जमिनीवर चाचणी घ्यायची, चाचणी पास, नोंद बंद, सही. पुढच्या वेळी नवी नोंद, नवी तारीख, नवा इंजिनिअर, तेवढाच खरा आणि तेवढाच निर्दोष. ढकललेल्या यादीत तो अडकलाच नाही, कारण तो दर वेळी 'सुटत' होता. अपघाताच्या तीन दिवस आधी एका इंजिनिअरनं जमिनीवर सर्किट ब्रेकर ओढून परत बसवला, ते त्याच कॅप्टननं जवळून पाहिलं होतं. मग त्या सकाळी हवेत इशारा एकदा आला, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ब्रेकर हवेतच ओढला गेला. ऑटोपायलट सुटला, विमान कलंडलं, वर चढत स्टॉल झालं, म्हणजे पंखांना हवेचा आधार उरला नाही. १६२ माणसं जावाच्या समुद्रात.

उघड्या नोंदीला निदान कुणीतरी वाहत असतं. स्टिकर असतं, तारीख असते, साडेपाचची धास्ती असते. बंद झालेल्या नोंदीचं ओझं सगळ्यांच्या खांद्यावरून उतरतं, दोष मात्र विमानात बसून प्रवास करत राहतो. या अपघाताचा चौकशी अहवाल आल्यावर मी रात्रपाळीत एक उद्योग सुरू केला. उघड्या यादीचं काम आटोपलं की एक विमान घ्यायचं, त्याच्या मागच्या वर्षभराच्या बंद नोंदी काढायच्या आणि ४९, २१, २७ असे एकाखाली एक लावायचे. कंटाळवाणं काम. बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही. कधी निघायचं ते असं: 'कनेक्टर साफ केला, चाचणी ठीक', 'कनेक्टर परत बसवला, चाचणी ठीक', 'कंट्रोलर बदलला, चाचणी ठीक', वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या सह्यांखाली. मग सकाळच्या बैठकीत मी विचारायची, ह्याचं काय होतं?

आता ते हातानं करावं लागत नाही. दोष परत आला की नवं सॉफ्टवेअर आपोआप लाल खूण दाखवतं. परवा माझ्या जागेवर आलेल्या मुलीचा फोन होता, तिला शेंगाचटणी हवी होती, त्यात बोलता बोलता कळलं. लाल खुणा इतक्या येतात की रात्रपाळीला दुसरं काही सुचत नाही. म्हणून त्यांनी ठरवलंय, खुणा आल्या की मान्य करून बाजूला ठेवायच्या आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी, सगळ्या एकत्र बघायच्या. मी विचारलं, गेल्या सोमवारी बघितल्या का? म्हणाली, गेल्या सोमवारी सुट्टी होती.